गच्चीवरची ताडपत्री

अकोल्याचं ऊन आम्ही इतकी वर्षं नुसतं अंगावर घेतलं. एकदा त्यालाही कामाला लावावं, म्हणून मी जठारपेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर सोलर बसवून घेतलं. शाळामास्तरांना असे शहाणपणाचे झटके अधूनमधून येतात.

बाबा आमच्याकडं येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सगळा जन्म ते तिवस्याजवळच्या आमच्या शेतात राबले. मग आई गेली, पाऊस दर वर्षी नवी तऱ्हा करू लागला, आणि मी जाऊन त्यांना घेऊन आलो. शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं, बैलजोडी विकली. येताना त्यांनी आणली ती दोन धोतरं, एक पितळी तांब्या आणि घडी घातलेली जुनी ताडपत्री. "इथं कायले हे?" बायकोनं विचारलं. "असू दे, कामी पडते," ते म्हणाले.

सोलर बसवणारे मिस्त्री मूळचे मोटार वाइंडिंगवाले. मुसलमान गृहस्थ, वयानं बाबांच्या जवळपास, वऱ्हाडीत सुरुवात करून हिंदीत वाक्य संपवणारे. दोघांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. पॅनल चढवून झाल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, आठ दिवसांतून एकदा सकाळी पाणी मारत जा. आपल्याकडची धूळ लय चिकट. घरचाच माणूस ठेवा, बाहरवाला काच खरवडून टाकेगा."

"मी धुईन ना," बाबा लगेच म्हणाले. रोज बैल धुण्याची सवय असलेला माणूस. त्यांचा चेहरा असा उजळला होता की तो आजही आठवतो.

"तुमी वर जायचं नाही," मी म्हटलं. "पडलेबिडले तर?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी शाळेत मोबाइलवर सोलरचं ॲप पाहिलं, तर भर दुपारी तयार झालेली वीज शून्य. घरी येऊन गच्चीवर गेलो. सगळ्या पॅनलवर ताडपत्री अंथरलेली, कोपऱ्यांवर विटा, आणि बाजूला बाबा धापा टाकत बसलेले. मला पाहून उलट तेच रागावले.

"एवढं आभाळ येऊन राहिलं, अन् तू सारं उघडं टाकून गेला?"

"बाबा, ते पाण्यापावसासाठीच बनवलं हाये. त्याले काही होत नाही."

"काहून होत नाही? काच हाये ना?"

पहिल्यांदा मी हसलो. शाळेत जाऊन सहकाऱ्यांना किस्साही सांगितला, तेही हसले. दुसऱ्यांदा समजावलं. तिसऱ्यांदा एका विटेनं काचेवर लांब ओरखडा पडला आणि माझी जीभ सुटली. "तुमाले समजत नाही, तर हात कायले लावता?" असं मी बापाला म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

बाबा असं का करतात ते मला समजत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. मला सगळं ठाऊक होतं. माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या गावी होतं. तेव्हा हीच ताडपत्री बाबांनी शेतातून आणून अंगणात स्वयंपाकाच्या चुलींवर बांधली, कारण पाहुण्यांच्या पंगतीत पाणी पडायला नको. शेतात कापून रचलेली सोयाबीनची गंजी उघडी राहिली. पाऊस पंगतीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निरोप देताना आला आणि तीन दिवस थांबला नाही. शेंगांना कोंब फुटले. बाबा त्याबद्दल मला कधीही एका शब्दानं बोलले नाहीत. मीही कधी विषय काढला नाही.

कुलूप लावल्यावरही आभाळ आलं की ते बेचैन व्हायचे. ताडपत्री मांडीवर घेऊन जिन्याजवळच्या खुर्चीत बसायचे आणि कुलपाकडं पाहायचे. मागितली मात्र नाही त्यांनी किल्ली.

हरभरा काढणीच्या दिवसांत एका रविवारी गारपीट झाली. बोराएवढ्या गारा अंगणात उड्या मारत होत्या. बाबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. गारा थांबल्यावर मी वर जाऊन आलो आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पाहा, एक टवका नाही उडाला! म्हणत होतो ना मी?"

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग मले काई काम नाही इथं."

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बरोबर ठरल्याचा आनंद मोठा असतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री दारावर आलेल्या भाजीवाल्या बाईला देऊन टाकली.

त्यानंतर त्यांनी आभाळाकडं पाहणं सोडलं. दिवसातून दहादा अंगणात येऊन कपाळावर हात आडवा धरून पश्चिमेकडं पाहणारा माणूस, पण पाऊस येणार का असं विचारलं तरी "काय मालूम" म्हणायचा. पुढल्या जूनमध्ये आम्ही बाजारात गेलो होतो आणि सर आली. धावत परत आलो, तर दोरीवरचे सगळे कपडे चिंब. बाबा दोन हातांच्या अंतरावर ओसरीत बसून ते भिजताना पाहत होते.

"बाबा, काढायचे तरी होते," बायको म्हणाली.

"मले वाटलं, त्याईलेही काई होत नसंन," ते म्हणाले.

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. ते खरंच तसं समजून बसले होते, आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं.

संध्याकाळी मी कुलपाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "बाबा, उद्यापासून पॅनल तुमीच धुवा."

त्यांनी किल्ली उचलून पाहिली, मग गुडघ्यावरून हात फिरवला आणि ती माझ्याकडं परत सरकवली. "आता नाही चढवत रे," ते म्हणाले.