एका पत्त्यावरचे ठिपके

धारवाडच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात पडद्यावर नकाशा लावला होता. श्वसनाच्या आजारासाठी रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाच्या पत्त्यावर एक ठिपका, आणि ठिपक्यांच्या खाली हवेतल्या धुळीची मोजमापं रंगांत. रंग जितका गडद तितकी हवा वाईट. तारिहाळच्या कारखान्यांच्या बाजूला रंग गडद होता आणि ठिपकेही होते. त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. केलगेरीत मात्र रंग फिका होता, आणि त्या फिक्या रंगावर एकाच गल्लीत ठिपके दाटीवाटीने बसले होते. मी बातमीसाठी गेलो होतो. ती गल्ली माझ्या थोरल्या बहिणीची.

नकाशा करणारी संशोधक तिशीतली, हुबळीची. केलगेरीचे ठिपके आपल्याला स्वतःलाच पटत नाहीत, ते तपासल्याशिवाय कुणी काही निष्कर्ष काढू नये, असं तिने स्पष्ट सांगितलं. बातमीत मी हे वाक्य घेतलं. पण बातमी छापून येण्याआधी पडद्याचा फोटो लोकांच्या फोनवर पोहोचला होता. संध्याकाळपर्यंत केलगेरीत कारणंही ठरली. कुणी तळ्यातल्या जलपर्णीला दोष दिला, कुणी बायपासवरच्या ट्रकना.

अक्काचा फोन आला तो वेगळ्याच काळजीने.

"तो नकाशा घरापर्यंत दाखवतो का रे?"

"सभेत गल्लीपर्यंत दाखवला."

"पण त्या बाईला घर माहीत असेल?"

"असणार."

"मग ती येणार," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्का शिक्षिका होती. भावोजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचं गाव अळणावरजवळ. गावातलं कुणी आजारी पडलं की एसटीने धारवाडला उतरायचं, अक्काकडे मुक्काम करायचा आणि सकाळी रुग्णालय गाठायचं, ही रीत तिच्या लग्नापासूनची. नेमाने येणारी एकच, तिची धाकटी जाऊ. तिला काही वर्षांपासून दम लागतो. महिन्यातून एकदा ती यायची, डॉक्टरांना दाखवायची, पंप आणि गोळ्या घ्यायची, दोन-तीन दिवस राहून परत जायची. तिच्या केसपेपरवर अक्काचा पत्ता होता. गावात कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की इथलं औषध शहराच्या हद्दीतल्यांनाच मिळतं. पत्ता खोटा निघाला तर बंद करतील. औषध बंद म्हणजे धारवाडला येणंही बंद. हे तिने अक्काला रडत सांगितलं होतं, आणि अक्काने तोंड उघडणार नाही असं वचन दिलं होतं.

संशोधक रविवारी सकाळी आली. मीही तिथे होतो. जाऊ आदल्या दिवशीच आलेली, ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"माझ्याकडे नावं नाहीत, फक्त पत्ते आहेत," संशोधक कन्नडमध्ये म्हणाली. "या घरात किती जण राहतात, अक्कारी?"

"आम्ही दोघं."

तिने हातातल्या टॅबकडे पाहिलं. "आणि दम्याचा त्रास कुणाला?"

"यांना," अक्का म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नसावं. "म्हणजे मलाही. थोडा थोडा."

"मला कुठला दमा?" भावोजी खुर्चीतून म्हणाले. "मी रोज तळ्याला फेरी मारतो. तुझ्यापेक्षा जोरात चालतो."

"तुम्ही पेपर वाचा."

"तुम्हा दोघांना धरलं तरी माझ्याकडे बरेच ठिपके उरतात," संशोधक शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. तो लांबत गेला. 

"आत कोण आहे?" संशोधकाने विचारलं.

"पाहुणी," अक्का म्हणाली.

जाऊ पदराला हात पुसत बाहेर आली. आतून तिने सगळं ऐकलं होतं. त्या गावांत बायकाही 'आलो, गेलो' असंच बोलतात. "मी काय खोटं बोललो, अक्का?" ती म्हणाली. "दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतला माणूस इचारतो, एल्ली इरतीरी, कुठं राहता? रात्री मी हितंच होतो, सकाळी हितनंच गेलो. म्हटलं, केलगेरीत राहतो. आमच्या गावचे सगळे हेच सांगत्यात."

मराठीत दोन रात्रींच्या पाहुण्यालाही राहणं म्हणतात आणि जन्मभराच्या संसारालाही राहणंच म्हणतात. कन्नडमधलं 'इरोदु'ही तसंच. खिडकीतल्या माणसाने घर विचारलं, जावेने मुक्काम सांगितला. दोघांनाही उत्तर बरोबर वाटलं, आणि अशा रीतीने एका गावातले दम लागणारे लोक माझ्या बहिणीच्या दोन खोल्यांत येऊन नकाशावर बसले. त्यांच्या गावात ठिपका नव्हताच.

"आता माझं औषध तोडणार का?" जाऊने विचारलं.

संशोधकाने लगेच 'नाही' म्हटलं नाही. औषधाचं काम आपल्याकडे नाही, पण विचारून सांगते, असं म्हणून ती अंगणात गेली आणि सोबत काम करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. परत येऊन म्हणाली, असा काही नियम नाही, पत्ता कुठलाही असो, औषध मिळतं. जाऊने तिच्याकडून ते आणखी एकदा वदवून घेतलं. मग खाली बसली.

त्यानंतरचे प्रश्न साधे होते आणि उत्तरंही. गावच्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नाही. चूल आहे. आंघोळीचं पाणीही त्याच चुलीवर. पावसाळ्यात लाकडं ओली.

"गॅस नाही?"

"सिलिंडर आहे की. पाव्हणे आले की चहाला पेटवतो. रोज पेटवला तर पुरंल कसा?"

"इथे आल्यावर खोकला कमी होतो का?"

"दुसऱ्या दिवसापासनं. हितं धूर न्हाई. आणि अक्का मला काय करू देत न्हाई."

"आत्ता भाकरी कोण थापत होतं?" भावोजींनी विचारलं.

"ते मी आपलं हौसेनं, दादा."

पुढचे काही आठवडे संशोधकाच्या गटाने रुग्णालयाच्या मदतीने बाकीच्यांनाही विचारलं: वर्षातले बहुतेक दिवस कुठे झोपता? प्रश्न बदलल्यावर केसपेपरच्या खिडकीपाशी काही दिवस करमणूक झाली. कलघटगीच्या एका आजोबांनी उत्तर दिलं म्हणे, "ते माझ्या बायकोलाच विचारा, मला घरात जागा कुठे देते?" पण ठिपके हलले. अक्काची गल्ली मोकळी झाली. फक्त तिचीच नव्हे, धारवाडातल्या आणखीही काही पाहुणचारी घरांवरचे ठिपके आपापल्या गावी गेले.

सुधारलेला नकाशा मी पुन्हा पाहायला गेलो. अळणावरच्या बाजूला आता ठिपके होते, पण त्यांच्याखाली रंगच नव्हता. तिकडे हवा मोजणारं यंत्र कधी लावलंच नव्हतं. मोजमाप नसलेली जागा नकाशावर पांढरी राहते, आणि पाहणाऱ्याला ती स्वच्छ वाटते. पहिल्या सभेत आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं. महिन्याभरात एक यंत्र गावात गेलं. ते जावेच्या स्वयंपाकघराच्या दारावर ठोकलं. शेजारणी तिला म्हणाल्या, "विजेला मीटर होता, आता धुरालाबी बसला का गं?"

रुग्णालयाने मात्र एक गोष्ट केली, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. केसपेपरवर खरं गाव आल्यावर त्यांनी तिला चिठ्ठी लिहून दिली: हेच औषध अळणावरच्या सरकारी दवाखान्यात मिळतं, दर महिन्याला तिथून घ्या, धारवाडला वर्षातून एकदा तपासणीला या. गावाहून अळणावर जवळ. तिकिटाचा खर्च वाचला, प्रवासाचे हाल वाचले. औषध तुटलं नाही. संशोधकाने सांगितलेलं खरं ठरलं, आणि तरीही जाऊ ज्याला घाबरत होती त्यातलं अर्धं घडलं.

दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात मी अक्काकडे गेलो असताना अक्काने तिला फोन लावला. हात कणकेचे होते, म्हणून स्पीकर चालू केला.

"पंप मिळाला?"

"मिळाला."

"खोकला?"

"हाय तसाच."

"मग ये की इकडे चार दिवस. औषध तिकडचं घे, राहा इथे."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"काय सांगून येऊ, अक्का?" ती हळू आवाजात म्हणाली. "दवाखान्याला जातो म्हटलं की घरातलं कोण अडवत नव्हतं. आता समद्यांना म्हाईत हाय, दवाखाना अळणावरात हाय."

अक्काने कणीक मळणं थांबवलं. भावोजींनी पेपर खाली केला.

"डोळे दाखवायचेत म्हण," अक्का म्हणाली. "डोळ्यांचा डॉक्टर इथेच चांगला आहे म्हण. धुरानं पाणी येतं ना डोळ्यांतनं?"

"ते तर येतंच की," पलीकडून आवाज आला. "त्यात खोटं काय?"