बाबा उठले की पडदा जायचा

माझी वहिनी डोळे मिटून टाइप करते. डॉक्टर एक्स-रे आणि स्कॅन बघून जे बोलतात त्याचं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकायचं आणि त्याचा रिपोर्ट करायचा, हे तिचं काम. डॉक्टर भराभरा बोलतात, शब्द गिळतात, मधेच खोकतात. "कान उघडे ठेवायचे तर डोळे मिटावेच लागतात," असं ती म्हणायची. सात वर्षांत तिची चूक कुणी काढली नव्हती.

पुढच्या खोलीत, खिडकीजवळ तिचं टेबल. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग आणि कामाची यादी, उजवीकडच्या मोठ्या मॉनिटरवर रिपोर्टची पानं. तिच्या मागे चार पावलांवर बाबांची खुर्ची. बाबा म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. आता काठीने चालतात. त्यांच्यावर नजर राहावी म्हणून तीच त्यांना तिथे बसवायची. ती खुर्ची मी पाठवलेली. ऑफिसात असते तशी, दांडी दाबली की खाली-वर होणारी, हातांना भक्कम टेकू असलेली. बाबांना मी माझ्याकडे नेऊ शकले नाही, खुर्ची पाठवली. हे वहिनीने कधी बोलून दाखवलं नाही. तिने न बोललेलं मला जास्त ऐकू येतं.

तीन महिन्यांपूर्वी मॉनिटर जायला लागला. दोन सेकंद काळा, मग परत जिवंत. पण तेवढ्यात रिपोर्टच्या सगळ्या खिडक्या उड्या मारून लॅपटॉपवर येऊन पडायच्या.

बाबांनी आयुष्यभर थिएटरात प्रोजेक्टर चालवला. पडदा काळा होणं त्यांना जिव्हारी लागायचं.

"गेला! आमच्या वेळी लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या."

"इथे एकच प्रेक्षक आहे बाबा, आणि त्याने खुर्ची फोडायची नाही."

"वायर बदल. माझं ऐक. नेहमी वायरच असते."

तिने वायर बदलली. प्लग बदलला. मॉनिटरची स्वतःची बटणं केव्हाच मेली होती, म्हणून उजेड कमी-जास्त करायला तिने एक छोटा प्रोग्राम टाकला होता. त्याच्यावर संशय घेऊन तो काढला. डोळे चुरचुरायला लागले, पडदा जायचा तो जातच राहिला.

ऑफिसला कळवायची सोय नव्हती. नियम असा की मशीनमध्ये बिघाड झाला तर काम थांबवायचं आणि कळवायचं. महिन्यात तीनदा थांबलं की तुमची यादी दुसऱ्याकडे. ऑफिसच्या मशीनवर स्वतःचा प्रोग्राम टाकायचा नाही, हा दुसरा नियम. घरी बसून, बाबांना सांभाळून करता येईल असं दुसरं काम तिच्याकडे नव्हतं. म्हणून तिने दुसरा नियम मोडून पहिल्याला चुकवलं. उडालेल्या खिडक्या आपोआप जागेवर नेऊन ठेवणारा एक प्रोग्राम तिने शोधून काढला. इतका सफाईदार की पडदा परत येईपर्यंत सगळं जिथल्या तिथे.

"आता काळा झाला तरी माझं काही अडत नाही," तिने मला फोनवर सांगितलं. खुशीत होती.

तरी कारण हवंच होतं. परवाच्या सोमवारी तिने आणखी एक प्रोग्राम टाकला: मॉनिटरचं कनेक्शन तुटलं की वेळ लिहून ठेवणारा. बस्स, एवढंच त्याचं काम.

गुरुवारी जेवणानंतर ती त्या वेळा बघत बसली. अकरा दहा. अकरा बेचाळीस. एक पाच. चार वाजता. रोज साधारण त्याच वेळा. विजेचं काही असेल, वरच्या मजल्यावरची मोटार असेल, असं मनात चाललेलं असताना मागे बाबा उठले. बाथरूमला. आणि पडदा गेला.

ती वळून खुर्चीकडे बघत राहिली. बाबा आत गेल्यावर स्वतः त्या खुर्चीत बसली. उठली. काही नाही. बसली, उठली. पडदा काळा. पाच वेळा बसली-उठली, तीनदा पडदा गेला. खुर्चीच्या दांड्याला हात लावला तर बारीक चटका बसला, लोकरी कपड्याचा बसतो तसा. उठताना खुर्चीतून ठिणगी सुटत होती आणि ती त्या नाजूक वायरीला बाधत होती.

बाबा दारात काठी टेकून उभे. "काय गं, व्यायाम?"

"हो बाबा. कंबर धरली होती."

त्या रात्री मला फोनवर एवढं सांगताना ती हसत होती, आणि मग तिचा आवाज खाली आला. बाबा खुर्चीत बसल्यावर तिची नजर परत त्या वेळांवर गेली होती. बुधवार, अकरा बेचाळीस. अकरा बेचाळीसला आपण काय करत होतो?

यादीत होतं. दोन रिपोर्ट उघडे. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या छातीचा, एक शब्द कळेना म्हणून बाजूला ठेवलेला. आणि एका बाईच्या छातीचा, ज्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. बाई, वय एक्केचाळीस. नाव दिसत नाही, नुसता नंबर. डोळे मिटून ती टाइप करत असताना बाबा उठले. पडदा गेला, आला. प्रोग्रामने खिडक्या जागेवर ठेवल्या, पण म्हाताऱ्याची वर आणि बाईची खाली. तिने शेवटचं वाक्य टाइप केलं, डोळे उघडले, तेव्हा ते वाक्य समोर होतं, सगळं नीटच दिसलं. यादीतून बाईचा नंबर निवडला आणि रिपोर्ट पाठवून दिला.

म्हाताऱ्याचा अजून अडकलेला होता. तिने तो उघडला. खाली ते वाक्य होतं: डाव्या फुफ्फुसात वरच्या भागात लहान गाठ, पुढील तपासणी ताबडतोब.

बाईच्या रिपोर्टवर डॉक्टरांची सही होऊन तो गेला होता. त्यात गाठ नव्हती.

तिने आधी दादाला कारखान्यात फोन लावला. दादा माणूस वाईट नाही, पण घाबरला की सल्ले देतो.

"आधी ते सगळे प्रोग्राम काढून टाक. मग फोन कर. मशीन बिघडलं म्हण."

"वेळेची नोंदही काढू?"

"तीच आधी काढ!"

"मग अकरा बेचाळीसला पडदा गेला होता हे कशावरून सांगू? नुसतं मला वाटतं म्हटलं तर डॉक्टर परत स्कॅन उघडतील?"

"अगं, डॉक्टरांनी सही केली म्हणजे वाचलंच असेल ना!"

"वाचलं असतं तर सही केली असती का?"

 तिने फोन ठेवला आणि ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना लावून सगळं सांगितलं.

"हे प्रोग्राम टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. मी टाकले. आधी त्या पेशंटला फोन करा."

"कधीपासून आहेत?"

"अडीच महिने. सगळं लिहून देते, वेळांसकट. बाई, आधी फोन करा."

नोंद पाठवली. तासाभरात तिची यादी बंद झाली. पासवर्ड टाकला की लाल अक्षरं. गेल्या अडीच महिन्यांतले तिचे सगळे रिपोर्ट आता दुसरं कुणी ऐकून तपासणार होतं. संध्याकाळी बाईंचा एका ओळीचा निरोप आला: पेशंटशी बोलणं झालं, सोमवारी तपासणीला बोलावलंय. पुढे काय निघालं ते तिला कधीच कळणार नाही.

"खुर्ची काढून टाक," मी फोनवर म्हटलं. "लाकडी दे बाबांना."

"लाकडीतून उठवायला दोन माणसं लागतात, वन्सं. ह्यातून ते एकटे उठतात." मग म्हणाली, "तेवढंच एक काम ते एकटे करतात."

रविवारी मी गेले तेव्हा खुर्ची तिच्या जागी होती आणि टेबल हललं होतं. पॅसेजमध्ये, चपलांच्या मांडणीला लागून, खिडकी नाही. वहिनी तिथून मान वळवून बाबांकडे बघायची आणि परत पडद्याकडे. पडद्यावर कुठल्यातरी दुसऱ्या ऑफिसचा अर्ज होता. 'आधीचं काम का सोडलं' ह्या रकान्यात कर्सर नुसता लुकलुकत होता.

बाबा टेकू धरून उठले, काठी टेकत दारापर्यंत आले.

"आज नाही ना गेला पडदा?"

"नाही गेला बाबा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, वायरच होती."

"हो, वायरच होती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही.