बंद पडद्यातले आबा

बंद असलेल्या टीव्हीत माणूस दिसू शकतो का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. उत्तर मिळाले. ते कसे मिळाले, हे क्रमाने सांगतो.

आयटीआयमध्ये काही वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी टीव्ही बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या व्यवसायात आलो. ते दुष्काळाचे दिवस होते. पाऊस नव्हता, पण शहर वाढायचे थांबले नव्हते. बीड बायपासच्या पलीकडे माळरानावर रो-हाऊसच्या कॉलन्या उभ्या राहत होत्या. नळ नव्हते, टँकर होते. नव्या घरात पाण्याच्या टाकीच्या आधी मोठा टीव्ही येत असे.

विलासचे घर अशाच एका कॉलनीत होते. तो वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. त्याच्या हॉलमध्ये पासष्ट इंची टीव्ही होता. दुकानाच्या माणसांनी तो भिंतीवर आर्म ब्रॅकेट लावून बसवला होता. आर्म ब्रॅकेट म्हणजे लोखंडी हात. त्यावरचा टीव्ही भिंतीपासून पुढे ओढता येतो आणि हवा तसा वळवता येतो. जेवणाच्या टेबलावरून दिसावा म्हणून घरच्यांनी तो पूर्ण ओढून किंचित फिरवून ठेवला होता.

"टीव्हीत काही बिघाड नाही, सर," विलास म्हणाला. "पण आईला त्यात आबा दिसतात. टीव्ही बंद असताना."

आबा म्हणजे विलासचे वडील. ते वर्षभरापूर्वी गेले होते. त्यानंतर गावाकडचे, पाचोडचे, घर बंद करून विलासने आईला, गयाबाईंना, इथे आणले होते. आता तिला परत पाचोडला, तिच्या दिराकडे पोहोचवायचे ठरत होते. विलासची बायको मनीषा घाबरली होती. संध्याकाळी ती हॉलमध्ये एकटी थांबत नसे. मी टीव्ही तपासावा, काही सापडले नाही तर रविवारी गयाबाईंना गाडीत बसवायचे, असे दोघांचे ठरले होते. गयाबाईंना जायचे नव्हते. तिथली विहीर कोरडी होती आणि दिराच्या घरात आधीच सातजण होते. हे त्यांनीच मला सांगितले, विलास फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा.

मी रीतसर तपासणी केली. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, पूर्ण बंद होत होता. पडद्यावर डाग नव्हता. सोफ्यावर बसून पाहिले. काळ्या पडद्यात मला सोफा आणि मीच दिसत होतो. मोठ्या चकचकीत पडद्यात असे दिसणारच.

मग गयाबाईंना विचारले. विद्यार्थ्याला विचारावे तसे, एकेक करून.

त्या सोफ्यावर बसत नसत. डावीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, सतरंजीवर बसत. आबा रोज येत नसत. टँकर यायचा त्याच दिवशी येत, दिवेलागणीला. आणि त्यांचे ओठ हलत.

"काय म्हणतात?"

"पाणी मागतात," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात मागायचे तसं."

आबांना मूत्रपिंडाचा आजार होता. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले होते. शेवटचे दोन दिवस ते मागत राहिले आणि कोणी दिले नाही. तेव्हापासून टँकर आला की गयाबाई टीव्हीखाली तांब्या भरून ठेवत. मनीषाची मोठी तक्रार तीच होती. एक तर पाणी पुरत नाही, त्यात ते विजेच्या वस्तूखाली.

"अन् एक सांगते, भाऊ," गयाबाई म्हणाल्या. "त्यांच्या डाव्या गालावर चामखीळ होती. टीव्हीत ती उजव्या गालावर असती."

"बघा," मनीषा हळूच म्हणाली, "आता चेहराही नीट आठवत नाही त्यांना."

मला नेमके उलटे वाटले. ज्याला भास होतो, त्याला आपल्या ओळखीचा चेहरा जसाच्या तसा दिसायला हवा. डावे-उजवे बदलण्याचे काम आरसा करतो. मी आबांचा फोटो कुठे आहे, असे विचारले. तो मागच्या खोलीत होता. हॉलच्या सजावटीत बसत नाही म्हणून तिथे लावला होता. त्याच खोलीत पाण्याचे ड्रम होते. ड्रमांमुळे डास होतात, म्हणून त्या दाराला आपोआप मिटणारा डोअर क्लोजर बसवला होता. दार सदैव बंद असे. गयाबाईंच्या कोपऱ्यात बसून मी पडद्यात पाहिले, तर समोर ते बंद दार दिसत होते. बाकी काही नाही.

"टँकर कधी येणार?" मी विचारले.

"उद्या संध्याकाळी. आला तर," विलास म्हणाला.

टँकर आला तेव्हा सूर्य मावळला होता. कॉलनीतली माणसे बाहेर नंबरासाठी भांडत होती. विलास आणि मनीषा तिथेच होते. दारातून जाड पाइप आत आला, हॉल ओलांडून मागच्या खोलीत ड्रमपर्यंत गेला. टँकरचे इंजिन सुरूच होते, कारण त्यावरच पंप चालतो. घरात पाइपवर लक्ष ठेवायला फक्त गयाबाई असत. आज त्यांच्या जागी सतरंजीवर मी बसलो. त्या माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. दिवा लावलेला नव्हता.

आधी पडद्यात काहीच नव्हते. मग डोळे अंधाराला सरावले आणि काळ्या काचेत एक उभी फट दिसली. फटीत एक तांबडा ठिपका होता. ठिपक्याच्या वर कपाळ उमटले, मग टोपीची कड, मग गाल. उजव्या गालावर चामखीळ. चेहरा फोटोसारखा चौकटीत नव्हता. तो काचेच्या आत, खूप मागे, अंधारात उभा होता आणि आमच्याकडे पाहत होता.

आणि त्याचे ओठ हलत होते.

"दिसले व्हय?" गयाबाईंनी विचारले.

मी हो म्हणालो. यामागचे कारण मला आदल्या दिवशीच कळले होते. वर्गात मी परावर्तनाचे नियम शेकडो मुलांना शिकवले होते. मागे वळून पाहिले की काय दिसेल, हेही माहीत होते. तरी मागे वळायला मला वेळ लागला. मान वळवली आणि पडद्यातल्या चेहऱ्यानेही वळून पाहिले तर, असे काहीसे मनात आले. ते खरे नव्हते, पण मनात आले.

मी वळलो. पाइपमुळे मागचे दार मिटले नव्हते. फटीतून आबांचा फोटो दिसत होता, त्याखाली तांबडा झिरो बल्ब. फोटो अगदी स्थिर होता. पुन्हा पडद्याकडे पाहिले, तर ओठ हलतच होते.

उठून मी टीव्हीवर हात ठेवला. तो थरथरत होता. टँकरच्या इंजिनाचा कंप भिंतीतून त्या लांब ओढलेल्या लोखंडी हातात येत होता आणि टोकाला पोहोचेपर्यंत वाढत होता. सगळेच प्रतिबिंब हलत होते, पण खालून बल्बचा उजेड पडलेल्या ओठांवर ते हलणे दिसत होते. टीव्ही घट्ट धरला, ओठ थांबले. सोडला, पुन्हा हलू लागले.

मी विलासला आत बोलावले आणि सतरंजीवर बसवले. प्रकाश ज्या कोनात आरशावर पडतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणून हा फोटो फक्त या कोपऱ्यातून, एवढ्याच उंचीवरून दिसतो, हे मी त्याला समजावू लागलो. तो ऐकत नव्हता. पडद्याकडे बघत होता.

"पाणीच म्हणतायत," तो म्हणाला.

मी फोटोकडे बोट दाखवले, टीव्हीवर हात ठेवून कंप दाखवला. त्याने मान डोलावली. त्याला सगळे समजले होते. तो अभियांत्रिकीतला पदविकाधारक होता.

"दवाखान्यात आबांचे हात मीच धरून ठेवले होते, आई," तो म्हणाला. "ग्लास घेऊ नये म्हणून."

"डॉक्टरनंच सांगितलं होतं ना," गयाबाई म्हणाल्या. "तू काय करशील."

बाहेरून कोणीतरी ड्रम भरला का, असे ओरडून विचारले. पाणी ड्रमवरून वाहून हॉलपर्यंत आले, तेव्हा मीच जाऊन पाइप काढला. दार आपोआप मिटले आणि पडदा काळा झाला.

त्यानंतरचे काम अर्ध्या तासाचे होते. लोखंडी हात दुमडून मी टीव्ही भिंतीला सपाट बसवला. जेवणाच्या टेबलावरून आता तो तिरपा दिसणार होता, त्याला कोणाची हरकत नव्हती. तपासण्यासाठी मागच्या दाराखाली लाकडाचा तुकडा घालून ते उघडे ठेवले आणि गयाबाईंना कोपऱ्यात बसायला सांगितले. पडद्यात आता खिडकी दिसत होती. मनीषाही येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिने खात्री करून घेतली.

"आता नाय दिसत," गयाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं पटलं मला, भाऊ. ती सावली होती. पण मागायचं तर त्यांना असंलच. मग आता कुठं येऊन मागतील?"

मी हत्यारे पिशवीत भरली.

रविवारी गाडी पाचोडला गेली नाही. पुढे एकदा साउंडबारच्या कामासाठी मी त्या घरी गेलो. गयाबाई तिथेच होत्या, त्याच कोपऱ्यात. टीव्ही चालू होता. टँकरच्या दिवशी तो दिवेलागणीला कोणी बंद करत नाही, असे मनीषाने सांगितले. कारण मी विचारले नाही.

टीव्ही जेवढा मोठा, तेवढा तो बंद असताना मोठा आरसा असतो. सोफ्यावरून माप घेऊन तो बसवणे पुरेसे नाही. घरातला प्रत्येक माणूस जिथे बसतो, तिथून तो पाहावा लागतो.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आज संध्याकाळी दिवे लावण्याआधी टीव्ही बंद करा, घरातली सगळी दारे उघडी ठेवा, एकेका कोपऱ्यात जमिनीवर बसा आणि पडद्यात काय दिसते ते स्वतः तपासा.