लाटणं हातात असेपर्यंत

चोआ चू कांगचा फ्लॅट सोडताना मी अर्धा संसार वाटून टाकला, पण लाटणं कुणाला दिलं नाही. माझा नवरा शिरीष म्हणाला, "अगं, पोळ्या तर तू आता फ्रोझन आणतेस." आणते, माझी मर्जी! ते लाटणं पोळ्यांचं राहिलंच नव्हतं. ते इकेन्नाचं होतं.

इकेन्ना आमचा शेजारी, त्याच कॉरिडॉरमधला. नायजेरियाचा, इग्बो लोकांपैकी. शिरीषसारखाच मरीन इंजिनियर. दोघं एके काळी एकाच जहाजावर होते आणि २०११च्या सुमारास दोघंही समुद्र सोडून या परदेशी शहरातल्या शिपयार्डात लागले. एकटाच राहायचा. अवाढव्य देह आणि तसाच आवाज. मला तो 'वहिनी' म्हणायचा, शिरीषच्या मित्रांचं ऐकून.

तेव्हा माझी मुलगी जाई आठ वर्षांची होती आणि रुचिर तिच्याहून लहान. दोघांची दिवसभर जुंपलेली असायची. माझा न्याय झटपट होता. आधी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा, मग चौकशी. एका रविवारी रुचिरचं लाकडी जहाज मोडलं, मी हात उगारला आणि नेमका इकेन्ना दारात.

"वहिनी, तुम्ही शिक्षा आधी देता आणि ऐकता नंतर," तो म्हणाला. "आमच्याकडे उलटं असतं."

माझा पारा चढला. म्हटलं, "मग करून दाखव तुमच्याकडचं!"

त्यानं ओट्यावरचं लाटणं उचलून जाईच्या हातात दिलं. ज्याच्या हातात लाटणं त्यानं शेवटपर्यंत बोलायचं. दुसऱ्यानं मध्ये ब्र काढायचा नाही. मग दुसऱ्याची पाळी. दोघांचं ऐकून झालं की मोठ्यांनी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात विचार करायचा, बाहेर येऊन निकाल सांगायचा आणि लाटणं जमिनीवर आपटायचं. सगळ्यांनी म्हणायचं, "इसे!" म्हणजे तसंच होवो. त्या दिवशी जाईनं स्वतःहून कबूल केलं की जहाजावर तीच बसली होती. मी थक्क झाले.

पुढे आमच्या घरात हे रविवारचं कोर्टच होऊन बसलं. पोरं कधीकधी कोर्ट भरावं म्हणून मुद्दाम भांडत. कोर्टाआधी काहीतरी फोडून सगळ्यांना वाटायला हवं, असा इकेन्नाचा आग्रह. त्यांच्याकडे कोलाचं बी फोडतात. मी त्याला सुपारी आणि अडकित्ता दिला. पहिलं खांड तोंडात टाकल्यावरचा त्याचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. किती साधे आणि किती भरलेले रविवार होते ते!

लाटणं ज्या काठीच्या जागी होतं, ती खरी काठी गावी त्याच्या वडिलांकडे होती. तिला 'ऑफो' म्हणतात, एका झाडाची लहानशी फांदी. वडील रविवारी चर्चला जात, पण ऑफो त्यांनी टाकली नव्हती. ती हातात घेणाऱ्यानं वाकडं बोलायचं नाही, निकाल सरळ उभा राहिला पाहिजे. ज्याचे हात स्वच्छ नाहीत, त्यानं तिला शिवायचं नाही. वडिलांमागे ती थोरल्या मुलाकडे येणार होती. थोरला म्हणजे इकेन्नाच. एरवी गडगडणारा हा माणूस ते सांगताना अगदी हळू बोलायचा.

२०१५त त्याचे वडील गेले. तो आमच्या सोफ्यावर येऊन बसला. गावाकडून निरोप होता, ये, काठी तुझी वाट बघतेय. शिरीष रजेचं, तिकिटाचं बोलू लागला, तर इकेन्ना मान हलवत म्हणाला, "मी जाणार नाही."

का, ते सांगेना. तेवढ्यात जाई उठली, तिनं लाटणं आणून त्याच्या हातात दिलं आणि शाळेतल्या तिच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, टिल फिनिश हां. कॅनॉट स्टॉप हाफवे, लाह!"

 मग तो बोलला. वडील आजारी होते, फोनवर बोलावत होते. गेलो तर ते परत सोडणार नाहीत, म्हणून हा दर वेळी सांगायचा, मी जहाजावर आहे, जहाज अजून बंदराला लागलं नाही. समुद्र सोडल्याचं त्यानं घरी कधी कळूच दिलं नव्हतं.

"मी इथेच होतो, वहिनी. तुमच्याकडे थालीपीठ खात होतो. आणि ते विचारायचे, समुद्र शांत आहे ना रे?"

जहाजवाल्यांच्या बायका हे बंदराचं वाक्य ऐकतच म्हाताऱ्या होतात.

रिवाजाप्रमाणे शिरीष आणि मी स्वयंपाकघरात गेलो. शिरीष म्हणाला, "कुणाला कळणार आहे? घेऊ दे त्याला काठी." मला रडू येत होतं, तरी मी नाही म्हटलं. बाहेर येऊन सांगितलं, "जा. आणि हे इथे बोललास तसंच तिथे सगळ्यांसमोर बोल. पुढचं ते ठरवतील." लाटणं अजून इकेन्नाच्याच हातात होतं, पण आपटायचं त्याला सुचेना. जाईनंच ते आपटलं आणि ती म्हणाली, "इसे."

तो गेला. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. लोक जमले होते, काठी हातात देत होते. यानं थांबवलं आणि सगळं सांगितलं. म्हातारी मंडळी घरामागे विचाराला गेली. परत आली आणि ऑफो त्यांनी धाकट्या भावाच्या हातात दिली.

मी भडकलेच. "इतक्या लांबून आलेल्या माणसाशी असं वागतात? हा कसला न्याय?"

तो हसला. तेच जुनं गडगडाटी हसू. "वहिनी, पहिला 'इसे' माझा होता. सगळ्यांत मोठा."

"बरं बाबा. परत कधी येतोस?"

फोनमधून त्याच्या गावच्या कोंबड्यांचे आवाज येत होते.

"जहाज बंदराला लागलं, वहिनी," तो म्हणाला.