अर्ध्यावर अडलेला पडदा

दीड महिना झाला. मी मेट्रोत होते, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसला निघालेले, आणि काकांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींचा फोन आला. “बेटा, चाचाजी के यहाँ परदा आधा ही खुला है. आधा घंटा हो गया...” मी पुढच्याच स्टेशनवर उतरून उलट फिरले. उरलेला अर्धा पडदा काका रोज काकूच्या खोलीत येऊन हातानं ओढायचे. मयूर विहारला पोचले तेव्हा काका हॉलमधल्या खुर्चीत होते, चष्मा तसाच. गेलेले. आत पलंगावर काकू पडद्याचं बटण दाबून दाबून थकली होती.

काका सरकारी नोकरीत जन्मभर तारा जोडत आले. मी दिल्लीतच मुनिरक्याला राहून शिकत होते तेव्हा रविवारी जेवायला जायचे, तर आधी हातात तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न आणि मगच वरण-भात. मी चिडायचे. त्यांना तेच हवं असायचं.

काकूला अर्धांगवायू झाला, एक अंगठाच काय तो नीट हलायचा, आणि काकांनी एकच ध्यास घेतला. “मी आधी गेलो तर हिला सकाळ कोण दाखवणार?” म्हणून दोन सेलवर चालणारी छोटी मोटर पडद्याला जोडली. काकूला दाबता येईल असं हलकं बटण मोटरचा करंट पेलत नव्हतं, म्हणून मध्ये हलक्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा ट्रान्झिस्टर हवा होता. काकांचे गुडघे दुखत, म्हणून बाजारात मी गेले आणि ऐटीत सगळ्यात जास्त अँपिअरचा, मोठ्ठा घेऊन आले. पडदा अर्ध्यावर आला आणि अडला. ट्रान्झिस्टर हात लावू देईना.

“अगं यार,” काका हसले, “ह्या ट्रान्झिस्टरला पूर्ण उघडायला दहा व्होल्ट लागतात. आपले तीनच. अर्धवट उघडतो आणि तापतो... बिल्कुल तुझ्यासारखा!”

त्यांनी योग्य ट्रान्झिस्टरचा नंबर चिठ्ठीवर लिहून माझ्या पर्समध्ये ठेवला. येत्या रविवारी नक्की, असं मी म्हटलं. असे चार रविवार गेले. कामं होती, थकवा होता, पाहुणे होते... आज त्यातलं एकही कारण मला धड आठवत नाही, आणि याचाच संताप येतो.

तेराव्यानंतर चिठ्ठीतला ट्रान्झिस्टर घेऊन आले. हरभऱ्याएवढा. कमी व्होल्टला पूर्ण उघडणारा. मीच सोल्डर केला. काकूनं बटण दाबून धरलं आणि पडदा सरसर पार टोकाला गेला. खोलीभर ऊन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी होते. काकूनं बटण दाबलं, पडदा अर्ध्यावर आला आणि तिनं अंगठा उचलला. मग दाराकडे बघत राहिली.

उरलेला पडदा मी हातानं ओढला.