नर्सचं वाक्य

काल लेकीनं अभ्यास करताना मोठ्यानं वाचलं, 'द नर्स लुक्स आफ्टर द पेशंट', आणि माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं झाली तरी ते वाक्य मला सहन होत नाही.

डोळखांबची शाळा, आवणीचे दिवस. आई भात लावायला गेली, की धाकटी चंदी माझ्याबरोबर वर्गात यायची. निम्म्या पोरी अशाच भावंडं घेऊन यायच्या. त्या दिवशी चंदी चिखलाच्या पायांनी बाकावर बसून माझ्या फ्रॉकचं टोक चोखत होती. नव्या सरांनी मला 'लुक आफ्टर'चं वाक्य विचारलं. मी उठून म्हणाले, "आय लुक आफ्टर माय सिस्टर."

"गाइडात नर्सचं वाक्य आहे, तेच म्हणायचं. आणि हिला बाहेर काढ आधी."

"सर, ती एकटी ऱ्हायाची नाय."

"बाहेर."

मी तिला ओट्यावर बसवून आले. तेव्हा मला चंदीचीच लाज वाटली होती. आता त्या माणसाची चीड येते, आणि ती चीड मला विसरायचीही नाही. आमच्या पाड्यावर नर्स कधी फिरकली नव्हती. तरी मी नर्सचं वाक्य घडाघडा म्हटलं.

"आता कसं बरोबर," सर म्हणाले. बाहेर चंदी माझ्या नावानं रडत होती.