हट्ट्याच्या स्टॉपवरचा फ्लेक्स

मी गाव सोडलं त्या सकाळी परभणीची एसटी उशिरा आली. हट्ट्याच्या स्टॉपवर आई होती, दोन बॅगा होत्या, आणि बाबाही होते. पण पावणेआठ झाले तशी बाबांनी सायकल हातात घेतली. "जातो मी. आठचं पाणी पाहायचं हाय," म्हणाले. आई चिडली. "लेकरू चाललं पुण्याला. एक दिस न्हाई पाहिलं तर धरण फुटून राहिलं का?" बाबांनी पायडलवर पाय ठेवला. "पाहिल्याबिगर लिवता येत न्हाई," एवढंच बोलले आणि गेले. एसटी आली आठ वाजून दहा मिनिटांनी. बॅगा वर चढवल्या त्या स्टॉपसमोर सायकलचं दुकान असलेल्या हमीदचाचांनी. परभणी येईपर्यंत मी रागाने खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं नाही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे बॅगा उचलून निघालेल्यांसाठीही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की मी हुशार होते म्हणून शिकले. तसं काही नाही. मी हट्टी आहे, आणि जरा तापटही. बाकीचं श्रेय ज्याचं आहे त्याला मी फार उशिरा दिलं.

बाबांचं काम सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. काठाला पाण्यात उतरलेली एक मोजपट्टी आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला तिच्यापाशी जायचं, पाणी कुठवर आहे ते पाहायचं आणि तिथंच उभं राहून रजिस्टरमध्ये लिहायचं. आठवड्याचे आकडे घरी चहा पिता पिता एकदम भरणारी माणसंही असतात. बाबा मात्र कालवा कोरडा असला तरी जायचे. शून्य लिहायचं तर शून्यही पाहून लिहायचं, हा त्यांचा कायदा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. कोरड्या कालव्यात डोकावून पाहणारा बाप मैत्रिणींना काय म्हणून दाखवायचा?

पुण्यात मला चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये नोकरी लागली. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. नोकरी करता करता कॉस्ट अकाउंटंट व्हायचं असं मी ठरवलं. म्हणजे एखादी वस्तू बनवायला खरोखर किती खर्च येतो, हे शोधून सांगणारा माणूस. गावाकडे सगळ्यांना सीए ठाऊक, त्यामुळे मी कितीही समजावलं तरी आई बायकांना सांगायची, "सीए करून राहिली."

भोसरीहून कंपनीची बस पहाटे सव्वासहाला सुटायची. तासभर जायला, तासभर यायला. ती बस हीच माझी अभ्यासिका. पुस्तक मांडीवर, हायलायटर दातात, शेजारच्या सीटवर घोरणारा क्वालिटी खात्यातला माणूस. गावात मला अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही म्हणून मी रुसायचे. इथं दोन फुटांची सीट मिळाली तरी मी खूश. आठवड्याला सहा दिवस नोकरी, रविवारी क्लास. दिवाळीला घरी जायचं तरी बॅगेत फराळाच्या डब्यांपेक्षा पुस्तकांचं वजन जास्त. पाच वर्षं अशी गेली. परीक्षेतल्या पेपरांचा एक ग्रुप सुटायचा, दुसरा अडकायचा. शेवटी एकच ग्रुप उरला, चार पेपरांचा. तो सुटला की झालं. दोनदा राहिला. तिसऱ्यांदा बसताना मी मनाशी ठरवलं, यावेळी नाही जमलं तर फॉर्म भरणं बंद.

निकाल लागला त्या दिवशी कारखान्यात स्टॉकची मोजणी होती. मोबाइलवर गुणपत्रिका उघडली. चव्वेचाळीस, एक्केचाळीस, बावन्न, एकोणपन्नास. आमच्या परीक्षेत नियम असा की प्रत्येक पेपरात चाळीस हवेतच, शिवाय चारही मिळून दोनशे हवेत. माझे झाले होते एकशे शहाऐंशी. चौदा गुणांनी नापास. इतका संताप आला की एक अक्षरही न लिहिता तिचा फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, मोबाइल लॉकरमध्ये ठेवला आणि मोजणीला गेले.

संध्याकाळी मोबाइल उघडला तर त्यात माझाच चेहरा. सहा फुटी फ्लेक्स, हट्ट्याच्या स्टॉपवर, हमीदचाचांच्या दुकानाच्या पत्र्याला बांधलेला. 'आमच्या गावाची शान! सर्व विषयांत उत्तीर्ण!' खाली बाबा आणि हमीदचाचा ताठ उभे. बाबांचं काय चुकलं होतं? त्यांनी कागद डोळ्यांनी पाहिला होता. शाळेत पस्तीसला पास; इथं चाळीसला पास असं मीच कधीतरी सांगितलेलं. चारही आकडे चाळीसच्या वर. बेरजेचा नियम सांगायचं काम माझं होतं, आणि मी रुसून बसले होते.

मी फोन लावला आणि नको तितकी ओरडले. माझी फजिती झाली, आता कुठल्या तोंडाने गावात येऊ, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बराबर किती कमी पडले?"

"चौदा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं मला हमीदचाचांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आठचं पाणी पाहून बाबा सरळ स्टॉपवर आले. त्या वेळेला स्टॉप गच्च भरलेला असतो. कॉलेजची पोरं, परभणीला जाणारे, चहाच्या गाड्यावरचे. बाबा स्टुलावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडू लागले. कुणीतरी विचारलं, "काहून काढून राहिले? कालच तं लावला!" बाबा वरूनच म्हणाले, "चूक झाली माझी. पोरगी अजून पास न्हाई. चौदा गुण कमी हायेत."

चाचांनी खालून हळूच सांगितलं, "राहू द्या भाऊ. कोणाला समजून राहिलं? पुढच्या टायमाला होईलच पास."

"आज हे राहू दिलं," बाबा म्हणाले, "तर उद्या माझ्या रजिस्टरातलं पाणी बी लोक खोटंच म्हणतील."

चाचा फोनवर सांगत होते, "बेटा, मी तीस साल तुझ्या बापाची सायकल दुरुस्त केली. पण त्या दिवशी मला त्याची उंची समजली." मी कंपनीच्या बसमध्ये होते. शेजारी क्वालिटीवाला घोरत होता आणि मी चक्क रडत होते. लाजेने नाही. आपला बाप काय माणूस आहे, हे तिशीला टेकल्यावर कळल्याचं रडू होतं ते.

मी पुन्हा फॉर्म भरला. दोन मैलांवरचं पाणी पाहायला रोज सायकल हाणणाऱ्या माणसाची मुलगी चौदा गुणांसाठी कशी थांबणार? पण यावेळी एक गोष्ट बदलली. पाच वर्षं मी कारखान्यात होते आणि कारखाना पाहिलाच नव्हता. ऑफिसात बसून पुस्तकातली वाक्यं पाठ करत होते. आता जेवणाची सुट्टी अर्ध्यावर सोडून मी रोज शॉप फ्लोअरवर, जिथं यंत्रं चालतात तिथं, जाऊ लागले. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या कांबळेमामांनी मला साचा कसा बदलतात ते दाखवलं. आमच्या कागदोपत्री त्याला चाळीस मिनिटं लागत होती. मी घड्याळ लावून पाहिलं, तर सव्वा तास. मामा हसले, "मॅडम, तुमच्या ऑफिसातून आजवर कोणी बघायलाच आलं नाही." तो सव्वा तास मी आधी साहेबांना सांगितला, आणि परीक्षेत उत्तरांमधूनही तो मला सोडत नव्हता. कुठलाही प्रश्न आला की आधी मशीन डोळ्यांसमोर यायचं, मग पेन चालायचं.

निकालाच्या दिवशी मी शहाण्यासारखा आधी फोन केला. "बाबा, पास झाले. एकूण दोनशे एकवीस. दोनशे लागतात."

"कागद पाठव," बाबा म्हणाले.

मला हसूच फुटलं. कागद पाठवला. आईने नंतर सांगितलं, बाबांनी त्याची प्रिंट काढून आणली, चारही आकड्यांची बेरीज दोनदा केली, आणि मग वळचणीला गुंडाळून ठेवलेला तो फ्लेक्स काढला. मधल्या उन्हाळ्यात आईने त्याच्यावर शिजवलेली हळद वाळत घातली होती, उलट्या बाजूला म्हणून. पण वाऱ्याने कडा दुमडून हळद माझ्या चेहऱ्यापर्यंत पोचली होती. आई म्हणाली, "नवा करू की. हे काय ध्यान?" बाबांनी ऐकलं नाही. "काढताना लोकायनं हाच पाहिला. लावताना बी हाच पाहू द्या."

महिन्याभराने मी गावी गेले. एसटी थांबली, मी उतरले, बॅग खाली ठेवली आणि वर पाहिलं. दोऱ्यांची भोकं फाटून मोठी झालेली, गाल पिवळे, कपाळावर घडीची रेघ. आणि खाली, जिथं लोक पुढाऱ्यांचे फोटो छापतात तिथं, हमीदचाचांच्या हातचं लाल ऑइलपेंटमधलं एक वाक्य: 'एकूण गुण २२१. लागतात २००.' नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या फ्लेक्सांच्या गर्दीत माझे हे पंचावन्न टक्के भर चौकात! क्षणभर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मग मान वर करून मी ते पुन्हा वाचलं, आणि तिथून हलावंसंच वाटेना.

बाबा सायकल घेऊन उभे होते. शाबासकी वगैरे काही नाही. घड्याळ पाहत म्हणाले, "बॅग चाचाकडं ठेव. पाचचं पाणी पाहायचं हाय." मी कॅरियरवर बसले आणि आम्ही कालव्यावर गेलो. पाणी सुटलं नव्हतं. बाबांनी वाकून पट्टी पाहिली, मग बाजूला सरकून मला पाहायला लावलं, आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी शून्य लिहिलं.

आता पुण्यात माझं स्वतःचं घर आहे. दारावर नावाची पाटी आहे, नावापुढे पदवी आहे. पत्ता विचारला तर मी तोच देते, आणि तो खराच आहे. पण घर म्हटलं की मला हट्ट्याचा स्टॉप दिसतो. जगात कुठंही गेले तरी माझ्या दोनशे एकवीसचे कौतुकाने अडीचशे करणारी माणसं भेटतील, आणि रागाने दीडशे करणारीही. तिथं मात्र कुणी दोनशे बावीससुद्धा करणार नाही.